स्पॅनिश विमा पॉलिसी: 'इन्कापासिदाद तोताल'ला इंग्रजीत 'टोटल' म्हणायचं का?

अनुस्वार

नमस्कार मंडळी,

करारमदार, भाडेपट्टे, कंपन्यांचे ठराव हे सगळं स्पॅनिशमधून इंग्रजीत मी नेहमी करते. विमा पॉलिसी मात्र पहिल्यांदाच हातात आली आहे आणि तिसऱ्याच पानावर अडकले आहे.

प्रकरण थोडक्यात असं. स्पेनमध्ये आलिकान्ते भागात राहणारं एक इंग्रज जोडपं आहे. नवरा तिथेच फरशी बसवायचं काम करायचा, तिथल्या सामाजिक सुरक्षेचे पैसे रीतसर भरायचा. घरासाठी कर्ज काढलं तेव्हा सोबत आयुर्विमा घेतला. मृत्यू झाला किंवा 'इन्कापासिदाद पेर्मानेन्ते आब्सोलुता' (कायमच्या अपंगत्वाचा एक दर्जा) आली, तर उरलेलं कर्ज विमा कंपनीने फेडायचं. त्याच वेळी घराचाही विमा काढला. पुढे नवऱ्याचं पाठीचं दुखणं वाढत गेलं, मणक्याची शस्त्रक्रिया झाली, आणि स्पेनच्या राष्ट्रीय सामाजिक सुरक्षा संस्थेने त्याला 'इन्कापासिदाद पेर्मानेन्ते तोताल' (कायमच्या अपंगत्वाचा दुसरा दर्जा) मंजूर केली. विमा कंपनीने दावा नाकारला. जोडप्याचं म्हणणं असं की सरकार स्वतः 'तोताल' म्हणतंय, मग आणखी काय हवं? आता त्यांच्या इंग्लंडमधल्या वकिलांना सगळी कागदपत्रं इंग्रजीत वाचायची आहेत: दोन्ही पॉलिसी, सरकारी निर्णय आणि कंपनीचं नकाराचं पत्र.

शब्दकोश 'तोताल'साठी 'पर्मनंट टोटल डिसॅबिलिटी' देतो आणि 'आब्सोलुता'साठी 'पर्मनंट अॅब्सोल्यूट डिसॅबिलिटी'. दुसरं काही इंग्रजी वाटत नाही. त्यात भर म्हणजे पॉलिसीत 'आब्सोलुता'ची जी व्याख्या आहे, तिच्यातच 'तोताल इनेप्तितुद' (पूर्ण असमर्थता) असे शब्द आलेत! जोडप्याने त्याच ओळीवर पिवळी खूण करून पाठवली आहे.

बाकीही शंका आहेत. घराच्या पॉलिसीत 'रोबो' आणि 'उर्तो' या चोरीच्या दोन प्रकारांना वेगवेगळ्या रकमा आहेत, आणि मला दोन्हींसाठी 'थेफ्ट'च सुचतंय. 'क्लाउसुलास लिमितातिवास'ला (हक्क मर्यादित करणाऱ्या कलमांना) मी 'एक्सक्लूजन्स' लिहिलंय. नकाराच्या पत्रात शेवटी कायद्याच्या कलम 10 चा हवाला देऊन करार 'रेस्सिंदीर' करण्याचा, म्हणजे मोडण्याचा हक्क राखून ठेवलाय, तिथे 'रेसिन्ड' लिहून टाकावं असं वाटतं, पण हात अडखळतो. आणि 'सिनिएस्त्रो' (नुकसानीची घटना किंवा तिचा दावा) तर ओळीआड येतोय. त्याला सगळीकडे एकच शब्द ठेवायचा का?

विम्याचं काम केलेलं कुणी असेल तर कृपया सांगा.

---

टिपणवही

युरोपीय संघाचा 'इयाते' शब्दसंग्रह पाहिलास का? कायद्याच्या शब्दांसाठी मी आधी तिथेच जातो. 'पर्मनंट टोटल डिसॅबिलिटी' हा इंग्रजी विम्यात रुळलेला शब्द आहे, वकिलांना लगेच कळेल. तोच ठेव आणि एक शब्द एकदा ठरला की शेवटपर्यंत बदलू नकोस. 'सिनिएस्त्रो'ला 'क्लेम' चालेल.

---

पैलतीर

अनुस्वार, 'टोटल' कुठेही लिहू नकोस. टिपणवही म्हणतात ते खरं आहे, तो शब्द इंग्रजी विम्यात रुळलेला आहे. पण धोका नेमका तिथेच आहे.

मी बरीच वर्षं स्पेनमधल्या अपघात आणि अपंगत्वाच्या दाव्यांचीच कागदपत्रं करते, आणि 'तोताल'-'आब्सोलुता' ही शब्दांची जोडी जवळजवळ प्रत्येक फाइलीत भेटते. स्पेनच्या सामाजिक सुरक्षा कायद्यात कायमच्या अपंगत्वाच्या पायऱ्या आहेत: 'पार्सियाल', 'तोताल', 'आब्सोलुता', आणि सगळ्यात वर ज्याला रोजच्या गोष्टींसाठीही दुसऱ्याची मदत लागते ती. 'तोताल' म्हणजे माणूस त्याचा नेहमीचा धंदा करू शकत नाही, पण दुसरं काम करू शकतो. फरशी बसवणाऱ्याला गुडघ्यावर बसता येत नाही, पोती उचलता येत नाहीत, म्हणून 'तोताल'. तोच माणूस उद्या एखाद्या दुकानाच्या काउंटरवर बसला तरी कायद्याला चालतं, म्हणून त्याला साधारणपणे आधारभूत वेतनाच्या 55 टक्के पेन्शन मिळते. 'आब्सोलुता' म्हणजे कुठलंच काम करता येत नाही. तिथे 100 टक्के.

आता इंग्रजी विमा पाहा. 'पर्मनंट टोटल डिसॅबिलिटी' म्हटलं की इंग्रज वकिलाच्या डोक्यात साधारणपणे 'कुठलंही काम करायला असमर्थ' हेच येतं. म्हणजे स्पॅनिश 'आब्सोलुता'. तू सरकारी निर्णयात 'टोटल' लिहिलंस की त्यांना वाटणार, सरकारने याला सर्वार्थाने असमर्थ ठरवलंय आणि कंपनी उगाच अडवतेय. ते त्या जोरावर जोडप्याला भलती आशा दाखवतील, कदाचित खर्चातही पाडतील. तू एकही शब्द चुकीचा लिहिलेला नसेल आणि तरी त्यांना खोटी गोष्ट सांगितलेली असेल.

मी असं करते: 'तोताल'साठी 'नेहमीच्या व्यवसायापुरतं कायमचं अपंगत्व' या अर्थाचं इंग्रजी, म्हणजे 'पर्मनंट डिसॅबिलिटी फॉर द यूज्वल ऑक्युपेशन', आणि 'आब्सोलुता'साठी 'फॉर एनी ऑक्युपेशन'. पहिल्यांदा येईल तिथे मूळ स्पॅनिश शब्द तिरप्या अक्षरात शेजारी, आणि खाली अनुवादकाची दोन ओळींची टीप की हे स्पेनच्या सामाजिक सुरक्षा कायद्यातले दर्जे आहेत आणि पहिला दुसऱ्याहून खालचा आहे. त्यापुढे मत देऊ नकोस. दावा योग्य की अयोग्य हे टिपेत डोकावता कामा नये.

जोडप्याने पिवळ्या केलेल्या त्या ओळीबद्दल. अशा पॉलिसींत 'आब्सोलुता'ची व्याख्या बहुधा अशीच असते: 'कुठलाही नोकरी-व्यवसाय कायमचा चालू ठेवण्यास विमाधारकाची तोताल इनेप्तितुद'. इथला 'तोताल' हा साधा बोलीतला शब्द आहे, दर्जाचं नाव नाही. तिथे 'कम्प्लीट इनॅबिलिटी' लिही. पण मूळ कागदात दोन्ही ठिकाणी अक्षरशः एकच शब्द आहे, ही गोष्ट वकिलांपासून लपवायची नाही, कारण जोडप्याचा गैरसमज त्यातूनच झालाय आणि उद्या तोच त्यांचा मुद्दाही ठरू शकतो. म्हणून त्या व्याख्येलाही टीप हवी. आणखी एक बघून घे: व्याख्येत 'सक्षम सरकारी संस्थेने जाहीर केलेलं' अशा अर्थाचे शब्द आहेत का? काही पॉलिसी सरकारी निर्णयाला बांधलेल्या असतात, काही स्वतःच्या व्याख्येवर चालतात. ते अर्धवाक्य निसटलं तर सगळ्या प्रकरणाचा रोख बदलतो.

आता 'लिमितातिवास'. हे मला पैशांच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. स्पेनचा विमा करार कायदा 1980 चा आहे, क्रमांक 50. त्याच्या कलम 3 नुसार विमाधारकाचे हक्क मर्यादित करणारी कलमं पॉलिसीत खास उठून दिसली पाहिजेत आणि ग्राहकाने ती वेगळी, लेखी मान्य केलेली असली पाहिजेत. तसं नसेल तर कंपनीला ती ग्राहकाविरुद्ध वापरता येत नाहीत. पण सगळ्याच अटी या वर्गात येत नाहीत. कशाचा विमा आहे, किती रकमेचा, किती काळ, कुठल्या भूभागात हे सांगणाऱ्या अटींना 'देलिमितादोरास' म्हणतात, आणि त्यांना वेगळी सही लागत नाही. या दोहोंतली रेघ कुठे ओढायची यावर स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयात वर्षानुवर्षं वाद चालत आलाय. 11 सप्टेंबर 2006 चा पूर्ण पीठाचा निकाल त्यासाठी कायम उद्धृत होतो.

तू दोन्हींना 'एक्सक्लूजन्स' म्हणालीस तर हा वादच पुसला जातो. इंग्रज वकील म्हणतील, ठीक आहे, एक्सक्लूजन आहे, लागू होणार. त्यांना कळायलाच हवं की स्पेनमध्ये या कलमाला सही होती का हा पहिला प्रश्न आहे. मी 'क्लॉजेस लिमिटिंग द इन्शुअर्ड्स राइट्स' आणि 'क्लॉजेस डिफायनिंग द रिस्क' असं लिहिते. लांब आहे, पण डोळ्यात भरतं.

आणि यातूनच एक अगदी हातातलं काम निघतं: ठळक अक्षरं जप. मूळ पॉलिसीत जे ठळक आहे ते अनुवादात ठळक, जे बारीक टायपात आहे ते बारीक. अनुवादाच्या सॉफ्टवेअरमधून फाइल बाहेर काढताना हे हमखास उडतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. सही कुठे आहे, कुठल्या पानावर नाही, शिक्का कुठे आहे हे चौकोनी कंसात लिही. या कागदात अक्षराचा जाडपणासुद्धा पुरावा आहे.

'रेस्सिंदीर'वर तुझा हात अडखळला ते बरंच झालं. इंग्रजी कायद्यात 'रेसिन्ड' म्हणजे करार मुळापासूनच नव्हता असं मानणं. स्पेनच्या कलम 10 मध्ये तसं नाही. ग्राहकाने विमा घेतानाच्या प्रश्नावलीत काही दडवलं किंवा चुकीचं सांगितलं हे कळल्यापासून एका महिन्यात कंपनी करार संपवू शकते, पण चालू कालावधीचा प्रीमियम स्वतःकडे ठेवते. म्हणजे तोवर करार जिवंत होता हे धरलेलंच आहे. मी 'टर्मिनेट' लिहिते आणि पहिल्या वेळी मूळ शब्द शेजारी देते.

त्याच कलमात 'दोलो ओ कुल्पा ग्रावे' (फसवण्याचा हेतू किंवा गंभीर निष्काळजीपणा) येईल. या दोघांची गाठ कधीच एका इंग्रजी शब्दात मारू नकोस, 'दोलो'ला 'फ्रॉड' आणि 'कुल्पा ग्रावे'लाही जवळपास तेच असं तर अजिबात नको. कारण तुझ्या फाइलीत या फरकावर पैसे अडकलेले असू शकतात. कलम 10 मध्ये 'दोलो' किंवा 'कुल्पा ग्रावे' यांपैकी काहीही असलं तर कंपनी पैसे द्यायला बांधील राहत नाही. दडवलेलं असूनही यांपैकी काहीच नसेल, तर रक्कम प्रमाणात कमी होते, पूर्ण बुडत नाही. आयुर्विम्याबाबत मात्र कलम 89 आहे: करार होऊन एक वर्ष उलटलं की कंपनीला त्यावर आक्षेप घेता येत नाही, अपवाद फक्त 'दोलो'चा. 'कुल्पा ग्रावे'चं नाव तिथे नाही! म्हणून दोन शब्द, दोन ठाम प्रतिशब्द. या संदर्भात मी 'इंटेंट टू डिसीव्ह' आणि 'ग्रोस नेग्लिजन्स' वापरते. अपघात मुद्दाम घडवण्याच्या संदर्भात 'दोलो' आला तर 'विलफुल मिसकंडक्ट'.

'रोबो' आणि 'उर्तो' हे स्पेनच्या 1995 च्या दंडसंहितेतून विम्यात आलेत. 'रोबो'ला बळ लागतं, वस्तूंवर किंवा माणसावर: दार फोडणं, खिडकी फोडणं, खोटी किल्ली वापरणं, अलार्म निकामी करणं, किंवा चाकू दाखवणं. 'उर्तो' म्हणजे यातलं काहीही न करता नेणं. आता दोन प्रसंग घे. उघड्या दारातून कुणी आत शिरलं आणि लॅपटॉप उचलला, तर स्पेनमध्ये तो 'उर्तो'. इंग्लंडच्या 1968 च्या चोरीच्या कायद्यात हीच 'बर्गलरी', कारण तिथे परवानगीशिवाय आत शिरणं पुरेसं आहे, बळ लागत नाही. दुसरा प्रसंग: चोर पहिल्या मजल्याच्या बाल्कनीवर चढून उघड्या खिडकीतून आला. काही मोडलं नाही, पण चढून येणं हेसुद्धा स्पॅनिश कायद्यात बळच, म्हणून 'रोबो'. तेव्हा 'बर्गलरी' लिहिशील तर पहिल्या प्रसंगातल्या माणसाला वाटेल आपल्याला मोठी रक्कम मिळणार. 'रॉबरी' लिहिशील तर इंग्रजी वाचकाला फक्त माणसावरची जबरदस्ती दिसेल. 'थेफ्ट बाय फोर्स ऑर इंटिमिडेशन' आणि 'थेफ्ट विदाउट फोर्स' असं लिही, आणि पॉलिसीतल्या व्याख्या शब्दन्शब्द उतरव.

'सिनिएस्त्रो'ला एकच शब्द पुरणार नाही. आग लागली, पाणी शिरलं ती घटना म्हणजे 'लॉस' किंवा 'इन्शुअर्ड इव्हेंट'. कंपनीच्या ज्या विभागात फाइल जाते तिथे 'क्लेम्स'. गाडीच्या बाबतीत 'सिनिएस्त्रो तोताल' म्हणजे 'टोटल लॉस', तिथे 'टोटल' चालतो. कलम 16 मध्ये 'सिनिएस्त्रो' कळल्यापासून सात दिवसांत कंपनीला कळवायचा असतो. तिथे 'क्लेम' लिहिलंस तर वाचणाऱ्याला वाटेल दावा सात दिवसांत दाखल करायचाय. कळवायची असते घटना.

'प्रेस्क्रिप्सिओन' (दावा करण्याची मुदत संपणं) दिसला तर 'प्रिस्क्रिप्शन' नको, 'लिमिटेशन'. नुकसानीच्या विम्याला दोन वर्षं, व्यक्तीच्या विम्याला पाच, कलम 23. तुझ्या जोडप्याच्या दोन पॉलिसींना दोन वेगळ्या मुदती लागतात, म्हणून सांगितलं.

---

दावाखिडकी

पैलतीरताईंनी खूपच उपयोगाचं लिहिलंय. मी दुसऱ्या बाजूने सांगतो. पुनर्विम्याच्या, म्हणजे विमा कंपन्यांच्याच विम्याच्या कामात असे अनुवाद मी वाचत आलोय, करत नाही.

एक विनंती: लांबलचक वर्णनं पानोपानी येत गेली की वाचणारा ती गाळून वाचू लागतो. त्यापेक्षा सुरुवातीलाच प्रत्येक संज्ञेचं छोटं नाव ठरवा, मोठ्या आद्याक्षरांनी लिहा, तिथेच पूर्ण अर्थ द्या आणि पुढे फक्त ते नाव वापरा. इंग्रज वकिलांना व्याख्या केलेल्या संज्ञांची सवय असते. मोठं अक्षर दिसलं की ते मागे जाऊन व्याख्या बघतात.

घराच्या पॉलिसीत आणखी तीन जागी पाय घसरतो. 'फ्रांकिसिया' म्हणजे नुकसानीतला जो भाग ग्राहकाने सोसायचा तो. इंग्लंडच्या वाचकासाठी 'एक्सेस', अमेरिकेच्या वाचकासाठी 'डिडक्टिबल'. 'फ्रँचाइज' कदापि नको. तो शब्दही इंग्रजी विम्यात आहे, पण उलट्या अर्थाचा: नुकसान ठरावीक रकमेच्या खाली असेल तर काहीच नाही, वर गेलं तर सगळंच मिळतं.

'कोआसेगुरो' म्हणजे एकाच जोखमीत अनेक विमा कंपन्या वाटेकरी. अमेरिकन 'को-इन्शुरन्स'चा मालमत्ता विम्यातला अर्थ वेगळाच आहे. पुरेशा रकमेचा विमा न काढल्याबद्दल तिथे भरपाई कापतात. ती कपात स्पॅनिशमध्ये 'रेग्ला प्रोपोर्सिओनाल'. समजा घरातलं सामान 60,000 युरोंचं आहे, विमा 30,000 चा काढलाय आणि नुकसान 10,000 चं झालं. तर मिळणार 5,000, कारण अर्ध्याच किमतीचा विमा होता. कलम 30. इंग्लंडमध्ये याच गोष्टीला 'अॅव्हरेज' म्हणतात. सामान्य वाचकाला त्यातून सरासरीच वाटेल, पण वकिलांना नेमकं कळेल. मी असतो तर 'अॅव्हरेज' लिहून सोबत हे उदाहरण टीपेत दिलं असतं.

आणि पॉलिसीत 'आ प्रिमेर रिएस्गो' असेल तर 'फर्स्ट रिस्क' लिहू नका, त्याला इंग्रजीत काही अर्थ नाही. 'फर्स्ट लॉस'. तिथे ही कपात लागत नाही, ठरलेल्या रकमेपर्यंत पूर्ण नुकसान मिळतं.

---

अनुस्वार

ताई, दादा, मनापासून आभार. काल रात्रीच सगळा मजकूर पुन्हा उघडून बसले.

'सक्षम संस्थेने जाहीर केलेलं' हे अर्धवाक्य व्याख्येत खरंच आहे. व्याख्या सर्वसाधारण अटींमध्ये 14 व्या पानावर, त्या पानावर सही नाही, अक्षर साधं. सही आहे ती विशेष अटींच्या दुसऱ्या पानाखाली. पण तिथे ठळक अक्षरात फक्त एवढंच आहे: 'संरक्षण: मृत्यू आणि आय.पी.ए.' पूर्ण रूप कुठेच नाही! 'आय.पी.ए.' म्हणजे इन्कापासिदाद पेर्मानेन्ते आब्सोलुता हे मला कळतंय, पण इंग्रजीत काय लिहू? दादा म्हणतात तसं व्याख्या केलेलं छोटं नाव इथेही घालू का? वाचायला सोपं पडेल.

अजून एक. घराच्या पॉलिसीत 'कोन्सोर्सिओ'बद्दल दीड पान आहे. तो कंपन्यांचा समूह आहे का?

---

पैलतीर

दुसरं आधी सांगते, ते सोपं आहे. 'कोन्सोर्सिओ दे कोम्पेन्सासिओन दे सेगुरोस' ही स्पेनची सरकारी संस्था आहे, खासगी कंपन्यांचा समूह नाही. पूर, भूकंप, ज्वालामुखी, दहशतवादी हल्ला अशा असाधारण घटनांची भरपाई साधी विमा कंपनी देत नाही, ही संस्था देते, आणि त्यासाठी अशा पॉलिसींच्या प्रीमियमसोबत वेगळा अधिभार असतो. 2021 मध्ये ला पाल्मा बेटावर ज्वालामुखी फुटला तेव्हा आणि ऑक्टोबर 2024 मध्ये वालेन्सियात पूर आला तेव्हा लोकांचे दावे तिच्याकडेच गेले. नाव स्पॅनिशमध्येच ठेव, पहिल्या वेळी 'असाधारण जोखमींसाठीची सरकारी संस्था' एवढं इंग्रजीत जोड. नुसतं 'द कन्सॉर्शियम' लिहिलंस तर वाचणारा पॉलिसीत इतर कंपन्यांची नावं शोधत बसेल. 'रेकार्गो' हा शब्द त्या दीड पानात येईल, तो 'सरचार्ज'.

आता 'आय.पी.ए.'. दावाखिडकींची सूचना एरवी मी स्वतः पाळते, पण या एका ओळीत पाळू नकोस. तिथे 'आय.पी.ए.' अशीच तीन अक्षरं ठेव, ठळकच ठेव, आणि आत काहीही उलगडू नकोस. ग्राहकाने सही केली ती या तीन अक्षरांखाली. त्याला त्यांचा अर्थ कळला होता का, कळावा इतकं ते स्पष्ट होतं का, कलम 3 ची अट इतक्याने पुरी होते का, हे सगळं वकिलांना आणि पुढे कदाचित न्यायाधीशांना ठरवायचं आहे. तू तिथे 'कुठल्याही व्यवसायासाठीचं कायमचं अपंगत्व' असं स्वच्छ इंग्रजी लिहिलंस, तर वाचणाऱ्याला वाटेल की ग्राहकाच्या नजरेसमोर इतकं स्पष्ट वाक्य होतं. नव्हतं ना. मूळ कागद जितका दुर्बोध आहे तितकाच दुर्बोध तो इंग्रजीतही पोचला पाहिजे.

तळटीप दे, दोन वाक्यांची: मूळ पॉलिसीच्या या भागात संक्षेपाचं पूर्ण रूप दिलेलं नाही, सर्वसाधारण अटींच्या पान 14 वर व्याख्या केलेल्या संज्ञेची आद्याक्षरं यांच्याशी जुळतात. 'जुळतात' इतकंच लिही, 'म्हणजेच' लिहू नकोस. आणि पान 14 च्या माथ्यावर चौकोनी कंसात नोंद कर की या पानावर सही नाही.

पाठवण्याआधी फाइलीत 'टोटल' हा शब्द एकदा शोधून बघ. रकमांच्या बेरजा आणि 'टोटल लॉस' सोडून कुठे सापडला, तर ती ओळ मूळ स्पॅनिशशेजारी ठेवून पुन्हा वाच. सरकारी निर्णयात पेन्शनची टक्केवारी दिली असेलच, ती आकड्यात ठळकपणे येऊ दे. 55 टक्के हा आकडा दिसला की वकील स्वतःच थबकून विचारतील, सर्वार्थाने असमर्थ माणसाला इतकीच पेन्शन कशी?